पेलेट स्टोव्हची काच दिवसात काळी होते, ज्योत मरगळलेली : नेमकं काय तपासू?

मंदार_नॅशुआ

नमस्कार मंडळी. न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआला मागच्या उन्हाळ्यात घर घेतलं. हॉलमध्ये आधीच्या मालकाने बसवलेला पेलेट स्टोव्ह आहे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेट्सवर) चालणारी शेगडी. तळघरात तेलाची भट्टी आहेच, पण टाकी भरल्यावर येणारं बिल बघून पोटात गोळा येतो. म्हणून यंदा स्टोव्हवर भागवायचं ठरवलं आणि दोन टन पेलेट्स आणून गराजमध्ये रचले.

ऑक्टोबरात मस्त चालला. डिसेंबरपासून रडकथा सुरू. काच सकाळी पुसली की संध्याकाळी काळीकुट्ट. ज्योत पूर्वी ताठ उठायची, आता लांबोडकी, नारिंगी, शेंड्याला काळसर, नुसती डुलत बसते. बर्न पॉटमध्ये (पेलेट्स जळतात त्या भांड्यात) न जळलेल्या पेलेट्सचा ढीग साचतो आणि तळाशी कडक खडा धरतो, तो स्क्रूड्रायव्हरने उचकटावा लागतो. रात्री कधीतरी स्टोव्ह आपोआप बंद पडतो आणि सकाळी उठावं तर घरात 58 फॅरनहाइट. दिवसाला दोन पिशव्या जाळूनही हॉल 64 च्या वर सरकत नाही.

फीड (पेलेट्स आत सोडायचा वेग) 3 वरून 5 वर नेला, काही फरक नाही, उलट काच आणखी लवकर काळी. रोज सकाळी राखेचा ट्रे रिकामा करतो.

पाइपची माहिती लागेल म्हणून देतो: 3 इंची, मागून निघून भिंतीबाहेर, तिथे टी (T आकाराचा जोड), टीपासून वर 12 फूट, मग एक कोपर घेऊन टोक बाहेर काढलंय. आडवा भाग सगळा मिळून 3 फूट. बाहेरून हवा घेणारी वेगळी नळी नाही, खोलीतलीच हवा घेतो.

सर्व्हिसवाले फेब्रुवारीच्या आत फिरकणार नाहीत. तोवर मी स्वतः काय करू शकतो? हत्यारं हातात धरता येतात, मॅन्युअल आहे.

भटक्या_सिअ‍ॅटल

पेलेट्स बदला. हार्डवूडचे (रुंद पानांच्या झाडांचे) असतील तर सॉफ्टवूडचे (सूचिपर्णी झाडांचे) आणा. आमच्याकडे डग्लस फरचे मिळतात. राळ जास्त, पौंडामागे उष्णता थोडी जास्त, राख कमी. बाकी कशाला हात लावायची गरज पडणार नाही.

सुमनकाकू_बँगोर

मंदार, तुला अरे-तुरे करते, चालेल ना? माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.

पेलेट्सचं नंतर बघू. आधी तो फीड 5 वरून 2 वर आण. तुझ्या स्टोव्हचं पोट भरलेलंच आहे, त्याचा श्वास कोंडलाय. ज्योत मंद दिसली की माणसाचा हात आपसूक फीडच्या बटणाकडे जातो आणि तिथून पुढे सगळं बिघडत जातं. हवा तेवढीच आणि जळण जास्त, म्हणजे ते अर्धवट जळणार. अर्धवट जळलं की काजळी. काजळी नि राख वाटेत बसली की हवा आणखी कमी. शेवटी रात्री पॉट काठोकाठ भरतो, आग गुदमरते आणि स्टोव्ह थांबतो.

माझं माहेर कागलचं. घरचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाड घालणारा माणूस किती घालतो यापेक्षा हात कधी आखडतो, यावर त्याची पारख व्हायची. कोंबलं की धूर, आणि धूर झाला की काहिलीला उकळी येत नाही. इथे मेन राज्यात बँगोरला येऊन हा स्टोव्ह घरात घेतला तेव्हा पहिल्या हिवाळ्यातच कळलं, इथेही तोच कायदा.

आता हवेची वाट डोळ्यांपुढे आण. साध्या लाकडाच्या स्टोव्हमध्ये गरम धूर आपणहून वर चढतो आणि मागून हवा ओढून घेतो. पेलेट स्टोव्हमध्ये ते काम धूर ओढणारा पंखा करतो. हवा मागच्या नळीतून आत शिरते, बर्न पॉटच्या भोकांतून पेलेट्समधून वर येते, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांना वळसा घालते, आतल्या पत्र्याच्या नाहीतर विटेच्या पॅनेलमागच्या पोकळीतून खाली उतरते, पंख्यात जाते, टीत वळते आणि पाइपातून बाहेर पडते. दुसरा एक पंखा असतो, तो खोलीतली हवा त्याच नळ्यांमधून फिरवून गरम करून परत देतो. त्याचा ज्योतीशी काडीचा संबंध नाही. लोक नेमका तोच साफ करतात आणि मग म्हणतात, ‘सगळं साफ केलं तरी तसंच!’

तू राखेचा ट्रे रिकामा करतोस, चांगलंच आहे, पण ट्रेमध्ये पडते ती राख शहाणी. त्रास देते ती उडणारी, पिठासारखी. ती ट्रेमध्ये येतच नाही, पॅनेलच्या मागे जाऊन बसते.

तेव्हा एक शनिवार काढ. स्टोव्ह बंद करून पूर्ण गार होऊ दे, प्लग काढ. पॉट बाहेर काढून उजेडाकडे धर. प्रत्येक भोकातून उजेड आरपार दिसला पाहिजे. अर्धी भोकं बुजलेली असतात आणि वरून बघताना कळत नाही. तारेचा ब्रश मार, उरलेली भोकं खिळ्याने मोकळी कर. पॉट ज्या खोबणीत बसतो तिथली राखही काढ, नाहीतर पॉट नीट बसत नाही आणि हवा भोकांतून जायची सोडून कडेने निसटते.

मग मॅन्युअल उघडून आतली पॅनेलं काढ. माझ्या स्टोव्हला मागे बिडाची भिंत आहे, तिच्यावर मी रबरी हातोड्याने हलक्या टिचक्या मारते. आतून वाळू घसरावी तसा सरसर आवाज येतो आणि खालच्या झडपेतून राख ओघळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरलेच, काहीतरी फुटलं म्हणून. आवाज येतोय तोवर टिचक्या मारत राहायचं. तुझी पॅनेलं विटेसारखी दिसणारी, वजनाला हलकी असतील तर त्यांच्यावर हातोडा चालवू नकोस, तडकतात. ती काढून बाजूला ठेव आणि मागच्या लोखंडावर मार.

राख ओढायला राखेचाच व्हॅक्यूम हवा, धातूच्या डब्याचा, बारीक फिल्टरचा. घरातला साधा वापरलास तर राख फिल्टरमधून आरपार येऊन सगळ्या सोफ्यावर बसेल. आणि ते तरी परवडलं. राखेच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो, तो कागदी पिशवीत गेला तर व्हॅक्यूम पेटतो. राख लोखंडी, झाकणाच्या बादलीत टाकायची आणि बादली घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब ठेवायची. आमच्याकडे हिवाळ्यात आगीच्या बातम्या येतात त्यात राखेच्या बादल्या नेहमी असतात.

त्यानंतर धुराचा पंखा. चार-सहा बोल्ट असतात, गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) नवं लागेल, ते आधी मागवून ठेव. पाती मऊ ब्रशने साफ कर, वाकवू नकोस, नाहीतर घरघर लागेल. टीच्या खालचं टोपण उघडताना खाली बादली धर, नाहीतर बर्फावर काळा सडा पडेल. आणि पाइपाचं बाहेरचं टोक बघ. पक्षी शिरू नयेत म्हणून कुणी जाळी बसवली असेल तर तिच्यावर राखेचं बूच बसतं.

दाराचं गॅस्केटही तपास. एक डॉलरची नोट दारात अर्धी धरून दार लाव आणि ओढ. अडकली पाहिजे. सहज सुटून आली तर तिथून हवा आत घुसतेय, म्हणजे पॉटच्या भोकांतून जायची हवा शॉर्टकट मारतेय. चारही बाजूंनी कर, बिजागरीच्या बाजूलाही. लोक तीच विसरतात.

आणि हे बाकीचे कुणी सांगणार नाहीत म्हणून सांगते. स्वयंपाकघरात चिमणी आहे ना? फोडणी घालताना, पुऱ्या तळताना ती पूर्ण वेगात लावता ना? ती घरातली हवा बाहेर फेकते. तुझा स्टोव्ह हवा घरातूनच घेतो. खिडक्या चांगल्या घट्ट असतील तर दोघं एकाच हवेवर भांडतात आणि चिमणी जिंकते. चिमणी लावून ज्योत बघ. लांबायला लागली तर एखादी खिडकी दोन बोटं उघडून बघ. फरक पडला तर बाहेरून हवा आणणारी नळी बसवून घे, फार खर्चाचं काम नाही.

एवढं सगळं झाल्यावरच हवेच्या डँपरला, म्हणजे हवा कमी-जास्त करायच्या झडपेला, हात लाव. स्टोव्ह मोठ्या आचेवर अर्धा तास चालू दे, मग बघ. ज्योत आखूड, पिवळीधमक, चपळ, शेंडा स्वच्छ : बरोबर. लांब, नारिंगी, काळ्या शेंड्याची : हवा कमी, डँपर थोडा उघड. पॉटमधून लाल पेलेट्स उडून बाहेर पडताहेत : हवा जास्त झाली. बदल थोडा-थोडा कर आणि प्रत्येक वेळी थांबून बघ. डँपर फिरवला आणि लगेच ज्योत सुधारली नाही म्हणून आणखी फिरवला, असं करू नकोस. दुसऱ्या दिवशी राख बघ. करडी-तपकिरी, मऊ असेल तर जळण पूर्ण होतंय. काळी, दाणेदार असेल तर पैसे राखेत चाललेत. काचेवर फिकट करडा थर येतोच, तो सगळ्यांकडे येतो, त्याची चिंता नको.

एक बजावून सांगते. सकाळी पॉट भरलेला दिसला तर तसाच पुन्हा पेटवू नकोस. त्या ढिगातून निघालेला धूर आत कोंडतो आणि इग्नायटर (पेलेट्स पेटवणारी विजेची कांडी) तापला की एकदम भडका उडतो. काच फुटलेली मी शेजाऱ्यांकडे पाहिली आहे. आधी रिकामा कर, मगच बटण. आणि कधी उलटं झालं, म्हणजे स्टोव्ह बंद पण पॉट रिकामा, तर ती गोष्ट वेगळी: हॉपरच्या (पेलेट्स भरायच्या टाकीच्या) कोपऱ्यात भुसा चिकटून पेलेट्स कमानीसारखे अडकतात आणि ऑगर (पेलेट्स पॉटकडे नेणारा स्क्रू) खाली नुसताच फिरत राहतो. त्यासाठी अधूनमधून हॉपर संपू द्यायचा आणि भुसा ओढून काढायचा.

रोजचं म्हणशील तर माझं पाच मिनिटांचं काम आहे. पॉट खरवडते, नळ्या साफ करायचा दांडा दोन-तीनदा ओढते, काच पुसते. काचेला क्लीनर लागत नाही, ओला कागद त्याच राखेत बुडवून घासला की निघते, काच मात्र गार हवी. आठवड्याला आतून व्हॅक्यूम. टनभर जळला की पॅनेलमागचं आणि टीचं. पंखा वर्षातून एकदा. बाकी तू शनिवारी काय सापडलं ते लिही.

वाफारा

काकूंचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टोव्हवर चिकटवावा असा आहे, पण स्टोव्हवर नको, पेटेल.

मी पाइपकडे येतो, कारण धागाकर्त्याने मापं दिली आहेत आणि मापं दिसली की मला राहवत नाही. पेलेट स्टोव्हच्या पाइपचं ‘समतुल्य लांबी’ नावाचं गणित असतं. 90 अंशांचा कोपर किंवा टी म्हणजे 5 फूट, 45 अंशांचा कोपर 3 फूट, आडवा पाइप फुटाला फूट, उभा पाइप फुटाला अर्धा. मंदार, तुमचं: टी 5, कोपर 5, आडवा 3, उभा 12 चा अर्धा 6. बेरीज 19. 3 इंची पाइप साधारणपणे 15 पर्यंतच चालवतात, त्यावर 4 इंची. समुद्रसपाटीपासून 3000 फुटांच्या वर घर असेल तरही 4 इंची, पण नॅशुआत तो प्रश्न नाही.

म्हणजे तुमचा पाइप स्वच्छ असतानाही काठावरून पलीकडे आहे. ऑक्टोबरात कमी आचेवर खपून गेलं. थंडी वाढली, फीड वाढला, राख जमली, तेव्हा उघडं पडलं. आता बर्फात पाइप काढत बसू नका, साफसफाईने हिवाळा निघेल. उन्हाळ्यात 4 इंची करून घ्या. दुहेरी भिंतीचा, पेलेटसाठीचाच घ्या, आणि तुमच्या मॅन्युअलमधला तक्ता शेवटचा शब्द.

कुणी सांगेल की उभा भाग काढून सरळ भिंतीतून बाहेर सोडा, बेरीज कमी होईल. होईल, पण ते 12 फूट ठेवा. वीज गेली की धुराचा पंखा थांबतो आणि पॉटमध्ये मूठभर पेलेट्स धुमसत राहतात. उभा पाइप असेल तर तो धूर आपणहून वर ओढला जातो, नसेल तर हॉलमध्ये येतो. 2008 च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडमध्ये बर्फाचं वादळ आलं तेव्हा न्यू हॅम्पशरमध्ये काही भागांत वीज दोन-दोन आठवडे नव्हती. पेलेट स्टोव्हवाल्यांना तेव्हा कळलं की आपली शेगडी विजेवर चालते. पेटताना इग्नायटर काहीशे वॉट खातो, नंतर पंखे आणि ऑगर मिळून शंभरेक वॉटच्या आसपास. छोटा यूपीएस ठेवा, शुद्ध साइन वेव्हचा, स्टोव्ह शिस्तीत विझवण्यापुरता. जास्त वेळ हवा असेल तर जनरेटर, तोही घराबाहेर.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हॉलमध्ये आणि झोपायच्या खोल्यांजवळ आहे ना? नसेल तर हा प्रतिसाद पुढे वाचू नका, आधी जाऊन घेऊन या.

आता पैशांचं. टन म्हणजे इथला 2000 पौंडांचा, 40 पौंडांच्या 50 पिशव्या. पौंडाला 8200 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) धरले तर टनात 1 कोटी 64 लाख. तेलाच्या गॅलनमध्ये साधारण 1 लाख 38 हजार. म्हणजे एक टन पेलेट्सची उष्णता सुमारे 120 गॅलन तेलाइतकी. टनाच्या भावाला 120 ने भागायचं आणि तेलाच्या गॅलनच्या भावाशी ताडून बघायचं. कमी आलं तर पेलेट, जास्त आलं तर भट्टी. पण हे स्टोव्ह नीट जळत असेल तर. तुमचा आत्ता जसा जळतोय तसा असेल तर गणित मांडूच नका, त्रास होईल.

तोरिनोकर

इटलीतून दोन ओळी. इथे पेलेट स्टोव्ह घरोघरी आहेत, 15 किलोच्या पिशव्या सुपरमार्केटच्या दारातच रचलेल्या असतात. पण पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात वारा पडतो आणि धूर खाली बसून राहतो, त्यामुळे नियम कडक. 2017 च्या सरकारी आदेशाने स्टोव्हना 1 ते 5 तारे दिले आहेत. घरात दुसरी सोय असेल तर 3 ताऱ्यांखालचा पेटवायचा नाही, नवीन बसवायचा तर किमान 4 तारे. पेलेट्स ए1 दर्जाचे हवेत, त्यात राखेची मर्यादा 0.7 टक्के. अमेरिकेत प्रीमियमला 1 टक्का चालतं असं वाचलंय.

आणि वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा येऊन जातो, कागद देतो. तो कागद नसेल तर आग लागल्यावर विमावाले प्रश्न विचारतात. मंदार, तुमच्याकडे पण विमा कंपनीला स्टोव्ह आहे हे कळवलंय का ते एकदा बघा. घर घेताना हे राहून जातं.

शाहूपुरीचा_चहा

विषय परदेशी आहे, तरी विचारतो. आमच्या कोल्हापुरात आता बऱ्याच हॉटेलांत गॅस सोडून पेलेटचा बर्नर लावताहेत. मीही लावलाय, कढई आणि भाताच्या पातेल्यासाठी. पेलेट्स शेतातल्या काड-कचऱ्याचे, सोयाबीन, भुईमुगाची टरफलं, कधी उसाचं चिपाड. स्वस्त पडतं, पण राख बेसुमार आणि काचेसारखे खडे धरतात. मंदारभाऊंच्या पॉटमध्ये आहेत ते हेच खडे का? लाकडाचे पेलेट्स आमच्याकडे एवढे स्वस्त नाहीत.

सुमनकाकू_बँगोर

शाहूपुरी म्हणजे अगदी जवळचे निघालात की!

जात तीच, प्रमाण वेगळं. सालपट न घेता केलेल्या लाकडाच्या पेलेटमध्ये राख अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शेतमालात कितीतरी पट जास्त, आणि भाताच्या तुसात तर 15 ते 20 टक्के. शिवाय पिकाच्या काडात सिलिका आणि पोटॅश दोन्ही असतं. दोघं एकत्र आले की राख कमी उष्णतेला वितळते, आणि गार झाली की तोच तुमचा काचेचा खडा. त्यात शेतातून गोळा करताना माती मिसळते ती आणखी वेगळी. तुमच्या बर्नरला राख सतत ढकलून काढायची सोय असेल तर चालेल, नसेल तर दर पातेल्यामागे खडा काढायचा. पुरवठादाराला तूस मिसळतो का ते विचारा, आणि भुईमुगाचीच टरफलं मागून बघा.

मंदारसारख्या घरच्या स्टोव्हमध्ये मात्र हे घालायचं नाही. छोटा पॉट, छोटी भोकं, दोन तासांत बुजतील.

मंदार_नॅशुआ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, शनिवार सत्कारणी लागला. बायकोने मास्क लावून फोटो काढलेत, पण ते इथे टाकण्यासारखे नाहीत.

पॉटची मागच्या रांगेतली भोकं पूर्ण बंद होती. डाव्या पॅनेलमागे थोडीच राख निघाली, म्हणून वाटलं, फार काही नाही. उजवं पॅनेल काढलं तर मागची पोकळी राखेने घट्ट भरलेली, हाताने दाबली तरी दबेना. बहुधा आधीच्या मालकाने ते कधी काढलंच नसावं, बोल्टवर कारखान्याचा रंग तसाच होता. हातोडा मारल्यावर तुम्ही म्हणालात तसाच आवाज आला. टीचं टोपण उघडलं आणि बादली अर्धी भरली. बाहेरच्या टोकाला जाळी होतीच, निम्मी बंद.

नोट बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात सुळकन निघून आली. दोरीचं गॅस्केट मागवलंय.

रात्री फीड 2 वर ठेवून पेटवला. ज्योत निम्मी झाली उंचीला, पण इतकी उजळ की हॉलमधला दिवा मालवला. आता फीड 3 वर हॉल 69 ते 70 आणि दिवसाला दीड पिशवी. काच दुसऱ्या दिवशी नुसती करडी. रात्री एकदाही बंद पडला नाही.

चिमणीचा प्रयोग रविवारी केला. आईने पुऱ्या काढल्या होत्या, चिमणी तिसऱ्या वेगावर. मी स्टोव्हसमोर मांडी घालून बसलो. मिनिटाभरात ज्योत लांबायला लागली आणि शेंडा काळवंडला. सिंकवरची खिडकी दोन बोटं उघडली तर परत ताठ झाली. आईला वाटलं मी काहीतरी जादू दाखवतोय. बाहेरच्या हवेची नळी उन्हाळ्याच्या यादीत टाकली, 4 इंची पाइपच्या खाली. विम्याची तोरिनोकरांनी बरी आठवण केली, फोन केला, त्यांच्याकडे नोंदच नव्हती. अलार्म आहे, दोन्ही मजल्यांवर.

राहिलं एकच. खडा अजून धरतो, आधीपेक्षा लहान, पण रोज. आणि वरच्या खोल्या गारच राहतात, तिथे काय करू?

भटक्या_सिअ‍ॅटल

पेलेट्स बदला. मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो.

सुमनकाकू_बँगोर

हो रे बाबा, आता बदलायला हरकत नाही. हवा मोकळी झाली, तरीही खडा धरतोय म्हणजे उरलं ते पेलेटमधलं. सालपट किंवा वाळू असणार. दोन टन फेकून देऊ नकोस. आधी दुसऱ्या दोन-तीन ब्रँडच्या एकेक पिशवी आण, एक सॉफ्टवूडची घे. हॉपर रिकामा करून एक पिशवी पूर्ण जाळ, पॉटमध्ये काय उरतं ते बघ, मग दुसरी. पिशवीच्या तळाशी किती भुसा निघतो तेही बघत जा. चांगली सापडली की तुझ्याकडच्या पिशव्यांमध्ये अर्धी-अर्धी मिसळून संपव.

आणि गराजमध्ये पिशव्या थेट काँक्रीटवर ठेवल्या आहेस का? खाली लाकडी पॅलेट घाल. पिशवीला हवेसाठी बारीक भोकं असतात, फरशीचा ओलावा त्यातून वर चढतो. खालच्या थरातला एक पेलेट मोडून बघ, ‘टक’ करून तुटला पाहिजे. नुसता चुरा झाला तर ती रांग वेगळी काढ.

वरच्या खोल्यांसाठी लोक स्टोव्हसमोर पंखा लावून गरम हवा वर ढकलायला बघतात, उपयोग नसतो. छोटा पंखा जिन्याच्या पायथ्याशी जमिनीवर ठेव आणि तोंड स्टोव्हच्या खोलीकडे कर. गार हवा जड, ती खालून स्टोव्हकडे गेली की गरम हवा छताखालून आपोआप जिना चढते. सगळ्यात मंद वेग पुरतो.

वाफारा

पंख्याचं शंभर टक्के. दाराच्या वरच्या चौकटीला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा, हवा कुठे जाते ते दिसतं.

मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा विझवाल तेव्हा हॉपर आणि ऑगर रिकामा करून ठेवा. उन्हाळ्याच्या दमट हवेत त्यात राहिलेले पेलेट्स फुगतात आणि ऑगर गंजून अडकतो. ऑक्टोबरात येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्याच असतात.

मंदार_नॅशुआ

पिशव्या थेट काँक्रीटवरच होत्या. खालच्या रांगेतला पेलेट बोटात चुरला. आजच पॅलेट आणतो.

काकू, शेवटचा प्रश्न. ही एवढी राख बागेत टाकली तर चालेल का? परसात टोमॅटो आणि दोन ब्लूबेरीची झुडपं आहेत.

सुमनकाकू_बँगोर

टोमॅटोला थोडी, वर्षातून एकदा, मातीत मिसळून. राख चुन्यासारखी अल्कली असते, जास्त झाली तर माती बिघडते. ब्लूबेरीला चिमूटभरही नको, तिला आंबट माती लागते. आणि बादलीतली राख पुरती गार झाल्याशिवाय कुठेच नको, चार दिवस तशीच झाकून ठेव.